पेडगावचा शिक्का

"मास्टर द्या," सोनटक्के दारातूनच म्हणाले. चहालाही थांबायला तयार नाहीत.

सोनटक्के म्हणजे औरंगाबादच्या एका कॅसेट कंपनीचे मॅनेजर. मी परभणीत लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ जोरात होती, चळवळीच्या गाण्यांच्या ऑडिओ कॅसेट गावोगाव वाजायच्या, आणि आता तीच गाणी टीव्हीवर दाखवायची टूम निघाली होती. पेडगावच्या सुमनबाईंची चार गाणी शूट करायचं काम कंपनीने मला दिलं तेव्हा मी हवेतच होतो. अक्षता आणि पंगती सोडून पहिल्यांदाच काहीतरी वेगळं! सोनटक्क्यांनी इंग्रजीत टाइप केलेला करार पुढे केला. मी तो स्कूटरच्या सीटवर ठेवून सही ठोकली. वाचला नाही. मी बी.कॉम. आहे, हे इथेच सांगून ठेवतो.

शूटिंगच्या दिवशी सोनटक्क्यांनी दोन कोऱ्या कॅसेट आणल्या होत्या. बाईंना इकडे बघा, तिकडे बघा, हात असा करा म्हणत त्यांनी तीन गाण्यांतच दोन्ही संपवल्या. मग "चौथं तुम्ही उरका" म्हणून जीपने निघून गेले. आता कॅसेट कुठून आणायची? तेवढ्यात गावच्या जयंती मंडळाचे अध्यक्ष गौतमराव घरातून एक नवीकोरी कॅसेट घेऊन आले. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आणून ठेवली होती.

"ही घ्या. पण थांबा जरा," म्हणाले, आणि खिशातून मंडळाचा रबरी शिक्का काढून कॅसेटवर थापला. वर सहीसुद्धा केली.

त्या काळी ही रीतच होती. शूटिंगची कॅसेट पार्टी स्वतः विकत आणायची आणि तिच्यावर खूण करून द्यायची. का, तर शूटिंगवाला नवी कॅसेट ढापून जुनी, वापरलेली गळ्यात मारेल म्हणून.

"माझ्यावर विश्वास नाही का, गौतमराव?"

"तुमच्यावर हाय ओ. शूटिंगवाल्यावर न्हाई."

मला राग आला होता. पण सुमनबाईंनी सुरुवात केली आणि राग कुठल्या कुठे गेला. ते त्यांचं तुरुंगाचं गाणं. नामांतराच्या सत्याग्रहात कडेवरच्या लेकीला घेऊन त्या तुरुंगात गेल्या होत्या, तिथेच त्यांनी ते रचलं. हात असा करा म्हणणारं आता कोणी नव्हतं. ढोलकी कडाडली, बाईंनी पदर खोचला आणि आवाज असा लावला की व्ह्यूफाइंडरला लावलेला माझा डोळा भरून आला. एकाच टेकमध्ये ओके! मी कॅमेऱ्यासकट नाचायचा बाकी होतो.

आणि आठवड्याने सोनटक्के दारात. मास्टर म्हणजे कॅमेऱ्यात प्रत्यक्ष चाललेली मूळ कॅसेट. तिची कॉपी काढली की चित्र थोडं फिकं होतं, कॉपीची कॉपी काढली की नवरा कोण आणि करवला कोण ते कळत नाही. म्हणून विकायच्या कॅसेट मास्टरवरूनच काढाव्या लागतात. मास्टर ज्याच्या हातात, गाणं त्याच्या हातात.

"आवाज मुंबईत डब करतोय," सोनटक्के म्हणाले. "चेहरा या बाईंचा राहील, आवाज आमच्या गायिकेचा. नावही तिचंच. खपतं ते."

"तुरुंगाच्या गाण्यालासुद्धा?"

"तेच तर पहिलं घेणार!"

दोन दिवसांची मुदत मागून मी थेट पेडगाव गाठलं. सुमनबाई कापूस वेचत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुरुंगात मी गेले, गाणं मी रचलं, अन् आता नुस्तं तोंड हालवायला मी व्हय? भाऊ, कागदावर काय लिव्हलंय ते वाचलं होतं का तुमी?"

"नाही," मी कबूल केलं. तिथून करार घेऊन परभणीच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या हमीदभाई टायपिस्टांकडे गेलो. सबंध हयात त्यांनी करारनामे टाइप केलेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा करार वाचला.

"कंपनीनं पुरवलेल्या कॅसेटवरचं सगळं शूटिंग कंपनीच्या मालकीचं, असं लिहिलंय मियाँ. किती कॅसेट दिल्या कंपनीनं?"

"दोन."

"अन् शूटिंग कितीवर केलं?"

"तीन!" म्हणतच मी उठलो. स्कूटरला किक मारली.

सोनटक्के आले तेव्हा मी दोन कॅसेट टेबलावर ठेवल्या.

"तिसरी?"

"ती मंडळाची."

"कॅमेरा चालवायला तुम्हाला आम्ही लावलं होतं! मंडळाची कशावरून?"

मी कॅसेट उलटी करून दाखवली. जांभळा शिक्का, खाली गौतमरावांची लफ्फेदार सही. सोनटक्के आधी शिक्क्याकडे, मग स्वतःच्याच कराराकडे बघत राहिले. त्या एका गाण्याशिवाय बाकीच्या तिन्हींत दम नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. मला तर शिट्टी मारावीशी वाटत होती!

दुसऱ्या दिवशी पेडगावच्या समाजमंदिरात नवा करार झाला, या वेळी मराठीत.

"लिव्हा," सुमनबाई म्हणाल्या, "आवाज माझा, नाव माझं. चारी गाण्यांला. मगच ती कॅसेट."

सोनटक्क्यांनी लिहिलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

"वाचा."

त्यांनी वाचलं.

"अजून एकदा वाचा."

तिसऱ्यांदा वाचताना त्यांना घाम फुटला होता. "बाई, विश्वास नाही का आमच्यावर?"

"तुरुंगात बी वाचून घेतल्याबिगर अंगठा देला न्हाई मी," त्या म्हणाल्या. मग अंगठा उठवला.

पुढे कॅसेट निघाली. समाजमंदिरात टीव्ही लावला, पडद्यावर सुमनबाईंचं नाव आलं, पाठोपाठ त्यांचाच आवाज. बायकांनी असा गलका केला की पहिलं कडवं कुणालाच ऐकू आलं नाही. कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावावी लागली.

सुमनबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी करार तीनदा समजून घेतला. मी बी.कॉम. असून एकदाही वाचला नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक करार सहीआधी मोठ्याने वाचायला लागलो, समोरचा कितीही घाईत असो. आणि गौतमरावांकडे बनवणाऱ्याचा पत्ता विचारून माझ्या कॅसेटवर मारायला एक रबरी शिक्काही करून घेतला.