कोय कलम आणि गळ्यातलं भिंग

सुनंदाबाईंनी मशीनमधून पेपरातली सर्वांत बारीक जाहिरात वाचली आणि त्यांच्या मुलाने ते मशीन पसंत केलं.

मशीन म्हणजे व्हिडिओ मॅग्निफायर. हातात मावणारा स्क्रीन, मागे कॅमेरा. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. बाईंच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. ऑपरेशनने किंवा नेहमीच्या चष्म्याने तो सुधारणार नाही. अशा उरलेल्या नजरेला आम्ही लो व्हिजन म्हणतो. रत्नागिरीच्या क्लिनिकमध्ये माझं काम तेवढंच: आहे त्या नजरेत काय जमेल ते पाहणं.

"हेच द्या, मॅडम," मुलगा म्हणाला. तो मुंबईहून रजा काढून आला होता.

"पेपर वाचून दाखवायला घरात नातवंडं हायत," बाई म्हणाल्या. "कलमं कोन बांधनार?"

पेशंटला मी रोजचं काम सोबत आणायला सांगते. बाईंनी ओल्या फडक्यातून आंब्याची कोवळी रोपं काढली, कोयीसकट. राजापूरजवळच्या एका नर्सरीत त्या कोय कलमं करतात. रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. सालीला साल भिडली नाही तर कलम मरतं. बाईंची कलमं मरू लागली होती. मालकाने सांगितलं होतं, यंदा जमलं नाही तर पुढे पिशव्यांत माती भरायला बसा.

मशीन धरण्यात एक हात अडकला. मुलाने स्टँड मागितला. हात सुटले, पण स्क्रीनवरचं चित्र हाताच्या जरासं मागून येतं आणि खोली कळत नाही. पाचर चिरेच्या बाजूने निघून गेली.

मग जास्त नंबरचा, भिंगाचा चष्मा. साल स्वच्छ दिसली. पण भिंग जितकं जोरदार, तितकी वस्तू डोळ्याजवळ धरावी लागते. ब्लेड नाकाशी आलं तेव्हा मी बाईंचा हात धरला.

"नाक कापून घेतलंस तर गावात काय सांगू, आये?" मुलगा म्हणाला.

शेवटी गळ्यात अडकवायचं, छातीवर टेकणारं भिंग आणि टेबलावरचा दिवा. अक्षरांच्या तक्त्यावर तिन्हींत हेच नापास झालं होतं. पण हात मोकळे, अंतर पुरेसं. बाईंनी एक कलम बांधलं, बोटाने चाचपलं, दुसरं घेतलं.

"धुकट दिसतंय," त्या म्हणाल्या. "पन साल गावली."

पुढच्या महिन्यात मुलाचा फोन आला. बऱ्याचशा कलमांना पालवी फुटली होती, पूर्वीइतक्या नाही. मालकाने यंदापुरती जागा ठेवली. पडदा आणखी झिजेल तेव्हा हे भिंगही पुरणार नाही. ते मी दोघांनाही सांगून ठेवलं होतं.

साधन घेताना आधी विचारावं, कुठला हात अडकतो आणि वस्तू किती लांब राहते. प्रत्येक नातेवाइकाला मी हे समजावते. ते ऐकून घेतात. मग विचारतात, झूम किती आहे?