पान चारवरचा चौकोन

किल्लीवाले कुणाचं फुकटचं काही घेत नसत. दाराएवढ्या रुंद दुकानात त्यांनी चाळीस वर्षं किल्ल्या घासल्या. शेजारच्या बेकरीवाल्यानं आदल्या दिवशीचा पाव प्रेमानं पुढे केला, तरी पैसे टेकवल्याशिवाय ते त्याला हात लावायचे नाहीत. बेकरीवाला म्हणायचा, "अहो, उद्या हा कबुतरांनाच जाणार आहे." यावर उत्तर ठरलेलं, "मग कबुतरांकडून घ्या पैसे."

त्यांची बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. शेकडो माणसं तिला नुसत्या आवाजावरून ओळखू यायची. दोघं निवृत्त झाली. तिचं पेन्शन आणि दुकानाच्या गाळ्याचं भाडं, एवढ्यावर संसार नीट चालला होता. कराचा फॉर्म दोघांचा मिळून एकच असे आणि तो किल्लीवालेच भरत.

त्यांना पासष्टावं लागून संपलं, त्या वर्षी ते फॉर्म घेऊन बसले असताना बायको म्हणाली, "अहो, माझ्या जुन्या मैत्रिणी सांगत होत्या, पासष्टीनंतर सवलत मिळते. पान चारवर एक चौकोन आहे म्हणे. तिथं खूण केली की जो कर भरायचा त्यातूनच थेट रक्कम वजा होते."

"ज्यांची चूल पेटत नाही त्यांच्यासाठी असतं ते. आपल्याला काय धाड भरलीय?"

"गरिबीचं कुठं विचारलंय त्यात? वय विचारलंय. आणि म्हातारे तर आपण झालोच की."

"तू झाली असशील," किल्लीवाले म्हणाले. ती हसली आणि विषय तिथंच मिटला. पुढे दर वर्षी ते पान तीनवरून थेट पाचवर जात.

साधारण तीन वर्षांनी तिला कमी ऐकू यायला लागलं. आधी दाराची बेल, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. "मी छत्री मागितली, हिनं कात्री आणून दिली!" हा किस्सा किल्लीवाल्यांनी येईल त्याला सांगितला. सुरुवातीला तीही हसायची. नंतर नुसती बघत राहायची, आणि पाहुणे आले की चहा ठेवायच्या निमित्तानं आत निघून जायची.

कानाचं मशीन महाग होतं. त्यासाठी तिनं कपाटात चादरींखाली एक पाकीट केलं. पण कर भरायचा महिना आला की थोडे कमी पडायचे आणि किल्लीवाले त्या पाकिटातून काढायचे. "पुढच्या वर्षी नक्की," असं ते पाटीवर लिहून दाखवायचे, कारण तोवर घरातलं बोलणं पाटीवर आलं होतं. असं आठ वेळा झालं.

नवव्या वर्षी फॉर्मवर एक सही राहिली म्हणून करखात्याचं पत्र आलं. वाचनालयात दर बुधवारी एक निवृत्त शिक्षिका लोकांना असल्या कामात मदत करायच्या. किल्लीवाले त्यांच्यापुढे जाऊन बसले. बाईंनी सहीची जागा दाखवली आणि सवयीनं बाकीची पानंही चाळली.

"तुमचं वय काय?"

"सत्याहत्तर."

"आणि पान चारवरचा चौकोन कोरा का?"

"मी कुणाचे उपकार घेत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "काका, उपकार कसले? कायद्यानं जेवढा कर तुमच्याकडून घ्यायचाच नाही, तेवढा तुम्ही दर वर्षी भरताय. कधीपासून?"

किल्लीवाल्यांनी सांगितलं. बाईंनी कागदावर आकडे मांडले. मागची फक्त तीन वर्षं दुरुस्त करता येत होती. त्याआधीची गेली ती गेली. किल्लीवाले एकाच आकड्याकडे बघत राहिले. पहिल्या दोन वर्षांच्या सवलतीतच मशीन आलं असतं.

घरी येऊन त्यांनी पाटीवर सगळं लिहिलं. पाटी दोनदा पुसावी लागली. बायकोनं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. किल्लीवाल्यांनी हातातला खडू नुसताच फिरवला.

तीन वर्षांचे पैसे परत आले. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "उजव्या कानाला मशीन लावू. डाव्याला उशीर झालाय. आवाज जाईल आत, पण शब्द कळणार नाहीत. पाच-सहा वर्षं आधी आला असतात तर..." बायकोला ते नीटसं कळलं नाही. किल्लीवाल्यांना कळलं.

मशीन बसलं. पहिले काही दिवस तिला नळाचं पाणीसुद्धा कर्कश वाटायचं. मग हळूहळू ती पुन्हा मोकळेपणानं गप्पा मारू लागली. एका दुपारी शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं,

"ताईचा शेवटचा फोन आला होता, तो तुम्ही घेतला होता ना?"

तिची मोठी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली होती. जायच्या आधी तिनं फोन केला होता आणि बहिणीशीच बोलायचं म्हणून हट्ट धरला होता. रिसीव्हर किल्लीवाल्यांच्या कानाला, बायको समोर पाटी धरून उभी. ताई बराच वेळ बोलत होती, मध्येच रडत होती. किल्लीवाल्यांनी पाटीवर लिहिलं होतं, 'बरी आहे. तुझी आठवण काढते.'

"हो," ते म्हणाले.

"एवढा वेळ काय बोलत होती? आता सांगा सगळं. आता ऐकू येतंय मला."

किल्लीवाल्यांनी आठवून पाहिलं. लहानपणचं काहीतरी होतं, कुठल्या तरी विहिरीचं, आणि कशाची तरी माफी मागितली होती. कोणी, कशाबद्दल, काही धड हाती लागेना. त्या दिवशी त्यांनी अर्ध्या कानानंच ऐकलं होतं. काहीतरी गोड रचून सांगावं असं क्षणभर जिभेवर आलं.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

"थोडंसं पण नाही?"

"विहिरीचं काहीतरी होतं."

"विहिरीचं," ती म्हणाली. हातातली शेंग तशीच राहिली. कुठली विहीर, ते तिला ठाऊक असावं. पण तिनं ते किल्लीवाल्यांना सांगितलं नाही आणि विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.