सहकारी : निरंक

गणूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, आमच्या संस्थेच्या कँटीनमध्ये चहा घेत होते. मामींना धड बोलवत नव्हतं. "बाय, तुजे मामा गेले गो..." रविवारी विहिरीवरून परतले, ओटीवर टेकले, ते उठलेच नाहीत. त्याला आता दीड महिना झाला, पण एक शब्द माझा पिच्छा सोडत नाही. निरंक.

मामा नात्याने कोणी नव्हेत, देवरूखला आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कातळावरच्या विहिरींचं पाणी शिमग्यानंतर किती झपाट्याने उतरतं, ते मी मोजायला घेतलं. घेतलं म्हणजे काय, कल्पना माझी, बाकी सगळं मामांचं. कॉलेजचा टेप अर्ध्यातच संपायचा. मामांनी सुंभाचा दोर आणला, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत आपल्या हाताच्या मापाने गाठी मारल्या आणि टोकाला दगड बांधला. "पान्याला टेकला का बोटांना कळतंय," म्हणायचे. मला कधीच कळलं नाही. मी आपली काठावर उभी राहून ते सांगतील ते आकडे लिहायची. एकदा पट्टीने त्यांचा हात मोजला आणि घरी बसून सगळ्या गाठींचे मीटर केले.

पुण्याच्या अर्जात 'अप्रकाशित संशोधन' असा रकाना होता आणि त्याखाली सहकाऱ्यांची नावं. मी मामांना विचारलं. "माजं नाव कशाला गो? शिपायाचं नाव बगून तुज्या कागदाला कोन इचारनार?" मामा नको म्हणाले, हे खरं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, हेही खरं, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. 'निरंक' लिहून मोकळी झाले. मुलाखतीत विचारलं, "सगळं एकटीनेच?" मी मान वर करून म्हटलं, "हो सर."

प्रवेश मिळाला. पेढे घेऊन गेले तेव्हा मामांनी अर्जाची प्रत मागून घेतली. ओळीवरून बोट फिरवत त्या शब्दापाशी आले, थांबले... "बरा लिवलायस," म्हणाले. मी घाईघाईने म्हटलं, "छापून आलं की तुमचं नाव पहिलं, मामा." ते छापून आलंच नाही. लेख दोनदा परत आला आणि तिसऱ्यांदा पाठवायचा मला कंटाळा आला. कंटाळाच, दुसरा शब्द नाही त्याला.

तेराव्याला गेले, तेव्हा मामींनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्याच खिळ्याला मागे जुनी दोन. दर रविवारच्या चौकोनात मामांच्या अक्षरात गाठींचा आकडा, मी पुण्याला आले त्या वर्षापासून थेट ते गेले त्याच्या आदल्या रविवारपर्यंत. "बोलायचे, बाय इचारील तवा सांगायला पायजे," मामी म्हणाल्या. मी फोन करायचे, तब्येत विचारायचे. पाण्याचं एकदाही विचारलं नव्हतं.

निघताना मामींनी तो दोर माझ्या पिशवीत घातला. इथे खोलीत दारामागे टांगलाय. काल खाली काढला, एका गाठीवर कोपर टेकवलं आणि हात लांब केला. पुढची गाठ माझ्या बोटांच्या पुढे राहिली. अजून ताणून पाहिला. नाही पोचला.