एकोणतीस म्हणजे किती

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या मैत्रिणीला मी सासूबद्दलचंसुद्धा सगळं सांगते तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात, तर आजपासून जरा वेगळं ओळखाल. चालेल मला. पण एक आधीच बजावते. मला समजून घेऊ नका. ‘होतं असं कधीकधी’ म्हणणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो.

मी सिंगापुरात राहते आणि पगार घेऊन अमेरिकेतली कॉलेजची पोरं हॉकी खेळताना बघते. हसा. सगळेच हसतात. पुण्याचे काका तर दर वेळी विचारतात, आपली हॉकी सोडून तिकडची कशाला? काका, ती बर्फावरची हॉकी. पायात स्केट, चेंडूऐवजी रबराची काळी चकती. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये आमचं छोटंसं ऑफिस आहे. तिकडे शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी सामने होतात, तेव्हा इकडे शनिवार-रविवारची सकाळ असते. आख्खं सिंगापूर नाश्त्याला हॉकर सेंटरमध्ये आणि आम्ही एसीत स्वेटर घालून पडद्यासमोर.

ह्या पोरांपैकी काहींना बड्या व्यावसायिक संघांनी आधीच निवडून ठेवलेलं असतं. त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडलं म्हणजे नोकरी लागली असं मात्र नाही. पोरगं कॉलेजातच शिकतं, खेळतं. संघाचा त्याच्यावर हक्क राहतो. आणि कॉलेज संपता संपता संघ ठरवतो — घ्यायचं की सोडायचं. मधल्या काळात त्या पोरांवर नजर ठेवायची, कोण किती खेळलं ते नोंदवायचं, हे आमचं काम. माझी जोडीदारीण अलकाताई. त्यांना मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मुलगी बघून झालीय, सुपारी फुटलीय, लग्न तेवढं राहिलंय. मोडूही शकतं.” तेव्हापासून ड्राफ्ट झालेल्या पोरांना आमच्यात ‘सुपारी फुटलेले’ हेच नाव पडलं.

अलकाताई सांगलीच्या. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, संख्याशास्त्रात एम. एस्सी., आवाज खणखणीत, आणि स्वभाव — सरळ सांगते — आगाऊ. माझ्या डब्यातल्या भाजीत मीठ कमी आहे हे न विचारता सांगणार. माझं मराठी ऐकून ‘कोथरूडचं कॉन्व्हेंट’ म्हणून चिडवणार. नवरा सांगलीलाच होता, वडिलांकडून आलेलं दुकान सोडून येईना. इकडे त्या आणि लेक गार्गी, तोआ पायोहला एका फ्लॅटमधली भाड्याची खोली घेऊन राहायच्या. ताईंच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, लेकीचा पास, लेकीच्या पासवर तिची शाळा. मला ताई आवडायच्या का? आवडायच्या. खूप. आणि त्यांच्यासमोर मला सारखं वाटायचं की — नाही, हे वाक्य मी पुरं करणार नाही. ते कारण होऊन बसेल.

आमचं काम जोडीनं चालतं. एकीनं पडद्यावर डोळे लावून चकती ज्याच्याकडे जाईल त्याच्या पाठीवरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, दुसरीनं मान वर न करता टाइप करायचा. आधी आकडे इंग्रजीत म्हणायचे. पण इंग्रजीत थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी घाईघाईत सारखेच ऐकू येतात, आणि त्या खेळात तर घाईशिवाय काही नसतंच. अलकाताई माझ्या जोडीला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फतवा काढला. “मराठीत म्हणायचं. तेरा म्हणजे तेरा, तीस म्हणजे तीस. कुणाच्या बापाचा गोंधळ होणार नाही.”

आणि झालं तसंच. चुका कमी झाल्या. मॅनेजर खूश. मी तर इथल्या मराठी मंडळात मिरवून आले — आमच्या ऑफिसात मराठीतून काम चालतं म्हणून. टाळ्या पडल्या. गणपतीच्या कार्यक्रमात एकानं माइकवरून माझं नाव घेतलं. अलकाताईंचं घेतलं का? नाही. मी सांगितलंच नव्हतं की कल्पना त्यांची.

हेच ते, असं वाटलं असेल तुम्हाला. छे. हे काहीच नाही.

मला — आता एका दमात सांगते — मला एकोणतीस म्हणजे किती ते येत नव्हतं.

हसलात ना? मग बरोबर. ह्याच हसण्याला घाबरले मी. इंग्रजी शाळेतल्या पुष्कळ मुलांचं होतं तसं माझं होतं. वीसपर्यंत पक्कं, पुढे बाजारात लागतात तेवढे — पंचवीस, चाळीस, पन्नास. बाकीचे आकडे कानाच्या अंदाजानं. एकोणतीसमध्ये तीस तर स्वच्छ ऐकू येतं. आधीच्या ‘एकोण’मध्ये नऊची काहीतरी भानगड आहे हेही माहीत होतं. तीस आणि नऊ, थर्टी नाइन. ताई म्हणायच्या “एकोणतीस”, आणि माझी बोटं ३९ टाइप करायची. एका सामन्यात नाही. त्या मोसमातल्या कितीतरी सामन्यांत.

शंका एकदा आली होती. नाही कशी येईल? एका शनिवारी चकती त्या पोराकडे पुन्हा पुन्हा जात होती, ताई “एकोणतीस, एकोणतीस” म्हणत होत्या, आणि माझी बोटं क्षणभर थांबली. ‘म्हणजे किती?’ — एवढे दोन शब्द विचारायचे होते. नाही विचारले. ‘कॉन्व्हेंट’ म्हणाल्या असत्या.

त्या कॉलेजच्या संघात २९ नंबरचा पोरगा बचावफळीत होता, उंच, शांत डोक्याचा, आणि सुपारी फुटलेला. ३९ नंबरचा नवखा, बहुतेक वेळ बाकावर बसून. म्हणून तर कुठे काही अडलं नाही. आमच्या आकड्यांत मात्र बाकावरचं पोरगं मैदान गाजवत होतं आणि ठरलेलं पोरगं जवळजवळ गायब. शेवटी २९च्या बापाची तक्रार आली. प्रत्येक सामन्याला गाडी हाकत जाणारा बाप तो. त्याचं म्हणणं एवढंच, की माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत खेळतोय, मग तुमच्याकडे तो कुठे आहे? संघ हे आकडे बघून त्याला सोडून देईल अशी त्याला धास्ती होती.

मॅनेजरनं मला आत बोलावलं. अलकाताई त्या दिवशी गार्गीच्या शाळेत पालकसभेला गेल्या होत्या. मॅनेजर इथलाच, चिनी, माणूस वाईट नाही. त्यानं सामन्याचं चित्रण लावलं, पडद्यावरच्या पाठीवर बोट ठेवलं आणि आमच्या नोंदीवर ठेवलं. त्या एका सेकंदात मला सगळं कळलं. एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन. आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

त्यानं विचारलं, “सो शी कॉल राँग, इज इट?”

मी म्हणाले, “यस.”

एक शब्द. तोही इंग्रजी. मराठीत मला एवढं पटकन खोटं बोलता आलं असतं का? कुणास ठाऊक. बहुतेक आलं असतं, कारण दुसऱ्या दिवशी आलंच.

आता तुम्ही म्हणाल, हिची काही अडचण असेल. नव्हती. नवरा बँकेत, क्वीन्सटाउनला स्वतःचा कॉन्डो, मला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळालेला. नोकरी गेली असती तर मी चार महिने झोपा काढल्या असत्या. आणि गेलीही नसती. मॅनेजर म्हणाला असता, यापुढे इंग्रजीत बोला. ऑफिसात दोन दिवस हशा झाला असता, मंडळात तिसऱ्या दिवशी. बास. माझ्याकडे गमवायला काही म्हणजे काही नव्हतं. आणि तरीही मी ज्या बाईच्या पासवर तिचं आणि तिच्या लेकीचं सगळं उभं होतं, तिच्यावर ढकललं. अडलेल्या माणसानं बोललेलं खोटं वेगळं. माझं पोट भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अलकाताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता भांडणार. भांडायला हव्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अगं, मी एकोणचाळीस म्हणत होते का गं? खरं सांग.”

‘यस’ एक वेळ सोडून द्या. घाई होती, समोर साहेब होता. पण आता? आता घाई नव्हती, साहेब नव्हता, आणि ‘खरं सांग’ असं माझ्याच भाषेत स्वच्छ विचारलं होतं.

मी म्हणाले, “हो ताई. मला तसंच ऐकू यायचं.”

त्या म्हणाल्या, “वय झालं वाटतं माझं,” आणि पाण्याची बाटली भरायला गेल्या.

ताईंच्या पासची मुदत त्या वर्षी संपत होती. कंपनीनं पुढे अर्ज केला नाही. नव्या नोकरीसाठी त्यांनी धडपड केली, पण त्या वयात, ‘आकडे चुकवते’ असा शेरा घेऊन, कोण उभं करतं? गार्गी सेकंडरी थ्रीमध्ये होती. पुढच्या वर्षी ओ-लेव्हल, म्हणजे इथली दहावीची परीक्षा. पोरीचं सगळं आयुष्य इथे गेलेलं, सांगली तिला सुट्टीपुरतीच ठाऊक. सामान बांधायला मी गेले — हो, गेले, चांगल्या दोन बॅगाही घेऊन गेले — तेव्हा ती शाळेचा गणवेश छातीशी धरून बसली होती. मला म्हणाली, “आंटी, यू टेल ममी लाह. आय डोन्ट वॉन्ट टू गो.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हा हात फिरवल्याची मला जितकी लाज वाटते, तितकी त्या ‘यस’चीही वाटत नाही.

चांगी विमानतळावर सोडायलाही मीच. आत जाण्याआधी ताईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, “तुझ्यासारखी माणसं होती म्हणून एवढी वर्षं निभावलं.” मी काय केलं असेल? डोळे पुसले. माझेच.

बर्फावरच्या पोराचं पुढे काय झालं? काही बिघडलं नाही. त्याचे आकडे आम्ही एका दुपारी दुरुस्त केले, बापाचं समाधान झालं, कॉलेज संपल्यावर संघानं त्याला घेतलं. लग्न लागलं म्हणायचं. मी अजून त्याचे सामने बघते, आता कामाचा भाग नसतानाही. त्याच्या पाठीवर आता दुसराच आकडा आहे. चकती त्याच्याकडे गेली की मला अलकाताईंचा आवाज ऐकू येतो. येऊ दे. माझ्या कानांना तेवढी शिक्षा फार नाही.

ताई गेल्यावर मी पेटल्यासारखे आकडे पाठ केले. एक ते शंभर, सरळ, उलटे. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी — झोपेत विचारा. आता रविवारी दुपारी इथल्या मराठी मुलांना मी आकडे शिकवते. चांगलं शिकवते. खोटी नम्रता कशाला? मागच्या कार्यक्रमात मंडळानं माझा सत्कार केला — परदेशात मायबोली जपणारी वगैरे. शाल दिली, नारळ दिला. मी घेतला. शाल अंगावर पांघरून फोटोही काढला. त्या वेळी माइक हातात होता, तरी बोलले नाही. मग आता का बोलतेय?

कारण परवा ताईंचा फोन आला. अधूनमधून येतो, माझ्यावर त्यांचा अजून जीव आहे. गार्गीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली, म्हणाल्या, आणि हसल्या. गार्गीनं तिकडे कसंबसं शिक्षण पुरं केलं, कुठेशी नोकरी करते, आईशी फारसं बोलत नाही — हे मागेच कळलं होतं. मी तारीख विचारली.

त्या म्हणाल्या, “ट्वेंटी नाइन.”

आणि ज्या बाईनं मला मराठीतून आकडे म्हणायला लावले, ती बाई, शाळेत उत्तर चुकलेल्या मुलीच्या आवाजात मला विचारू लागली, “म्हणजे एकोणतीस ना गं? वीस आणि नऊ? हल्ली मी इंग्रजीतच सांगते बाई. माझा भरवसा नाही राहिला.”

तेव्हा तरी सांगितलं का मी? नाही. “हो ताई, बरोबर,” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या बरोबरच म्हणत होत्या. पहिल्या दिवसापासून, प्रत्येक वेळी, खणखणीत आवाजात, एकोणतीस. मी चुकीचं ऐकलं नव्हतं. मला येत नव्हतं.