आपल्याकडे म्हणजे कुठे?

रऊफभाई गेल्याची बातमी त्यांच्या मुलीने, सनाने, मला फोनवर दिली आणि पाठोपाठ एका शब्दाचा अर्थ विचारला. दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीखाली मी ऑफिसला जायला गाडी काढत होते. आदल्या संध्याकाळीच मी त्यांना हॉस्पिटलात भेटून आले होते. हृदयाचं दुखणं होतं, पण धोका टळला असं डॉक्टर म्हणाले होते... सनाने विचारलं, माझ्याखेरीज शेवटच्या तुम्हीच भेटलात, अब्बा काही म्हणाले का? म्हणाले होते. "ताई, काही बरंवाईट झालं तर मला आपल्याकडेच ठेवा," असं अगदी सहज म्हणाले होते, आणि आपण सगळेच करतो तसा मी विषय उडवून लावला होता. ते वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं. सना इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी तिला कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "आंटी, आपल्याकडे मीन्स व्हेअर? रत्नागिरी ऑर हिअर?" आई आधीच गेलेली, भाऊबहीण नाही. वडिलांना गावी न्यायचं की इथल्या कब्रस्तानात ठेवायचं, हे तिला एकटीला आणि लगेच ठरवायचं होतं. तेवढ्याचसाठी तिने फोन केला होता.

या शब्दावरून रऊफभाईंचं आणि माझं जुनं भांडण होतं. प्रदर्शनांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीत मी काम करते. गाइड, दुभाषे, रांगा सांभाळणारे, सगळे आमच्याकडून जातात. अशाच एका मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेचा आणि चीनचा पॅव्हिलियन, म्हणजे त्या त्या देशाचं दालन, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर आले. बातम्यांमध्ये एकमेकांना पाण्यात पाहणारे हे दोन देश इथे लग्नघरातल्या यजमानांसारखे दारात हसत उभे असायचे. फरक इतकाच, की प्रत्येकाचा एक डोळा समोरच्याच्या रांगेवर. इकडे अवकाशयान टांगलं की तिकडे वाऱ्यासारखी धावणारी ट्रेन. इकडे संध्याकाळी गाणं लावलं, की तिकडे ढोल आलेच म्हणून समजा. आणि दोघांनाही गाइड पुरवणारी कंपनी एकच, आमची. रऊफभाईंची सगळी नोकरी इथल्याच खोर फक्कानच्या बंदरावर कारकुनीत गेली होती. निवृत्तीनंतर ते दुबईला इंटरनॅशनल सिटीत लेकीकडे राहायला आले आणि घरात बसून कंटाळले. हिंदी, उर्दू, मराठी आणि कामापुरतं अरबी, सगळं तोंडात खेळायचं. मी त्यांना अमेरिकेच्या पॅव्हिलियनमध्ये पाठवलं.

सुट्टीच्या दिवशी मराठी मंडळांचे ग्रुप यायचे, म्हणून इंग्रजी मजकुराचं मराठी मी केलं होतं. इंग्रजीतल्या 'वी'चं मी सरळ 'आम्ही' करून टाकलं. आमच्याकडे शेती अशी होते, आमचं यान असं उडतं. रऊफभाईंनी पेन घेतलं आणि सगळीकडे 'आमच्या'चं 'आपल्या' केलं. मी म्हटलं, अहो, ऐकणारे सांगलीचे, सांगणारे तुम्ही रत्नागिरीचे, यात अमेरिकन कोण? त्यावर ते म्हणाले, "ताई, पाहुण्याला 'आमच्याकडे' म्हटलं की तो दारात उभा राहून बघतो. 'आपल्याकडे' म्हटलं की चपला काढून आत येतो." मला ते पटलं नाही, पण ग्रुप बाहेर रांगेत उभा होता, म्हणून मी कागद तसाच राहू दिला.

व्हायचा तो घोटाळा झालाच. सांगलीहून मुलाकडे आलेल्या एका काकांनी मध्येच थांबवून विचारलं, आपल्याकडे म्हणजे भारतात ना? रऊफभाईंनी गोड हसून, नाही साहेब, आपल्याकडे म्हणजे अमेरिकेत, असं सांगितलं. काका बाहेर पडून बायकोला सांगत होते, की हा माणूस तिकडचा नागरिक आहे बरं का, पण मराठी विसरलेला नाही. मला हसू आवरेना. मात्र पॅव्हिलियनच्या अधिकारी बाईंच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. मराठीत 'वी'साठी दोन शब्द आहेत, एकात ऐकणारा बाहेर राहतो आणि दुसऱ्यात आत येतो, हे मी त्यांना घाबरतच समजावलं. त्या खूश झाल्या. याचसाठी तर आम्ही इतक्या लांब येऊन हा खटाटोप केलाय, असं म्हणाल्या.

पुढे तिथलं कंत्राट संपलं आणि समोर माणूस कमी पडत होता, म्हणून रऊफभाई रस्ता ओलांडून चीनकडे गेले. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी सुरुवात केली, आपल्याकडे ट्रेन अशी पळते, आपल्याकडे चहा असा करतात. मी कपाळाला हात लावला. तिथल्या तरुण अधिकाऱ्यालाही मी दोन शब्दांची तीच गोष्ट सांगितली, आणि तोही जवळपास त्याच शब्दांत तेच म्हणाला. मी चक्रावून गेले. एकमेकांवर कुरघोडी करायला निघालेल्या दोन महासत्तांना मिळून हवं होतं ते एवढंच, की येणाऱ्या माणसाने आपल्याला आपलं म्हणावं. दोघांनाही वाटलं, हा म्हातारा आपला झाला. मी एकदा चिडून विचारलं, रऊफभाई, मनातून तुम्ही नक्की कुणाचे? ते नुसते हसले. हे मिठ्ठास बोलणं होतं, की खरंच त्यांना सगळीकडे घरच्यासारखं वाटायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. माणूस मात्र मला फार आवडायचा.

त्या सकाळी पार्किंगमध्ये उभी राहून मी हे सगळं सनाला सांगितलं. म्हटलं, बाळा, ते जिथे उभे असायचे त्या जागेला आपल्याकडे म्हणायचे, मला खात्रीने काही सांगता येत नाही. तिने हुंदका आवरत विचारलं, "व्हेन ही सेड इट, ही वॉज हिअर, ना?" मी हो म्हटलं. "देन हिअर," ती म्हणाली. गावाहून त्यांचे थोरले भाऊ याकूबभाई फोनवर आले. आईवडिलांशेजारी जागा ठेवलेली आहे, आपल्याकडे म्हणजे गाव, यात विचारायचं काय, असं त्यांनी मला ठणकावलं. त्यांचंही काही खोटं नव्हतं. शेवटी, मुलीचा हक्क आहे, तिला करू दे, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. दुपारच्या नमाजानंतर रऊफभाईंना इथेच दफन केलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला नीट झोप लागली नाही. एका मुलीने माझ्या शब्दावर बापाला परक्या मातीत ठेवलं... की आपल्या?

परवा याकूबभाई व्हिजिट व्हिसावर आले. सनाला सुट्टी नव्हती, म्हणून कब्रस्तानात मी त्यांना नेलं आणि बाहेर गाडीत थांबले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. आता आपली खरडपट्टी निघणार, अशा तयारीने मी स्टीअरिंग धरून बसले होते. मग ते हळूच म्हणाले, "ताई, तुम्हाला मी तेव्हा नाही नाही ते बोललो. पण मला ठाऊक होतं. कित्येक वर्षं फोनवर तो एकच विचारायचा, भाईजान, तुमच्याकडे पाऊस कसा आहे? तुमच्याकडे आंबा आला का? तुमच्याकडे... मी दर वेळी ऐकायचो आणि काही बोलायचो नाही."

त्यांना सनाकडे सोडलं. मनावरचं ओझं उतरायला हवं होतं, ते का उतरत नाही हे कळेना. घरी आले आणि साताऱ्याला आईला फोन लावला. ती हॅलो म्हणाली. मी रोजच्या सवयीने सुरुवात केली, "काय गं, तुमच्याकडे..." आणि तो शब्द माझा मलाच ऐकू आला. आई पलीकडून विचारत राहिली, आमच्याकडे काय?