दहा टक्के ओलाव्याचं गणित

माझ्या नाकावर राग असतो, हे मेहकरात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजीवालीशी, एसटीच्या कंडक्टरशी, गॅसची टाकी उशिरा आणणाऱ्याशी माझं वाजलेलं आहे. लेकीच्या शाळेत मात्र मी भांडायला म्हणून कधी गेले नव्हते. गेले ती एकदाच, आणि तीही सोयाबीनच्या एका गणितावरून.

लेक तेव्हा सातवीत होती. गणिताला नवीन मॅडम आल्या होत्या. साखरखेर्ड्याहून रोज बसनं यायच्या. वयानं लहान, आवाजही बारीक, पण सगळा वर्ग मुठीत. आमची पोरगी तर त्यांच्यावर इतकी लट्टू, की त्या घालतात तशीच वेणी मला घालायला लावायची. पुस्तकातली गणितं संपली की मॅडम आपल्या मनानं नवी घालत. त्यांत आंबे आणि पेरू नसत. कापूस, शेळ्या, विहिरीचं पाणी असलं काहीबाही असे. पोरांना ती गणितं आपली वाटत, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी तरी गणिताच्या तासाची वाट पाहू लागलं होतं.

दसऱ्याचे दिवस होते. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत होतं आणि मी ते हातानं खालीवर करत होते. पोरगी पायरीवर बसून गृहपाठ करत होती. शेवटचं गणित तिनं मला वाचून दाखवलं. शंभर किलो सोयाबीनमध्ये वीस टक्के ओलावा आहे. वाळवल्यावर ओलावा दहा टक्के राहिला, तर आता सोयाबीनचं वजन किती?

"नव्वद," मी मान वर न करता म्हणाले.

"जमत नाई आई," ती म्हणाली.

"काऊन जमत नाई? दहा टक्के पानी उडालं, दहा किलो कमी झाले."

ती पेन्सिल चावत ताडपत्रीकडे बघत राहिली. मग खाली उतरून मूठभर दाणे उचलले आणि मला विचारलं, "वाळल्यावर पानी उडते. दाना उडते का?"

नाही, दाणा कुठं उडतो! तर तिचं म्हणणं असं, की शंभर किलोत वीस किलो पाणी, म्हणजे ऐंशी किलो नुसता कोरडा दाणा. तो आहे तेवढाच राहणार. आता वजन नव्वद धरलं तर पाणी दहा किलो झालं. पण नव्वदात दहा म्हणजे दहा टक्के नाहीत, जास्त आहेत. दहा टक्के व्हायचे तर दाण्याचे ऐंशी किलो हे नव्वद टक्के व्हायला हवेत. तिनं भागाकार केला आणि अठ्ठ्याऐंशी पूर्णांक एकोणनव्वद शतांश असं उत्तर काढलं. मला ते दोनदा ऐकावं लागलं, पण पटलं. इतकं पटलं की मी तिची पापीच घेतली.

संध्याकाळी नवरा शेतातून आला तेव्हा त्याला गणित घातलं. चप्पल काढता काढता तो म्हणाला, "नव्वद." त्याचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्याकडे मार्केटात माल नेला की व्यापारी मशीन लावून ओलावा बघतो आणि ठरलेल्यापेक्षा जितके टक्के जास्त, तितके किलो क्विंटलमागे कापतो. एक टक्का, एक किलो. लहानपणापासून हेच बघितलेलं, त्यामुळे इथल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो नव्वदच सांगेल.

मॅडमनीही नव्वदच धरलं. दुसऱ्या दिवशी पोरगी घरी आली ती उत्तरावर लाल फुली घेऊन. फुलीचं मला काही वाटलं नसतं. पण तिनं दप्तर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "आता मी मॅडम सांगतीन तेच लिहीत जाईन. आपल्या मनानं कायले करायचं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. जी पोर काल मूठभर दाण्यांकडे बघून एवढं शोधून काढते, तिनं आजपासून डोकं बंद ठेवायचं? रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडत नव्हती, तिनं ठरवून टाकलं होतं. त्याचीच मला भीती वाटली.

"तू शाळेत नोको येऊ," तिनं ओळखून आधीच सांगितलं. "मॅडमले वाईट वाटन."

मी गेलेच. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत शिरले आणि तोंड उघडलं, तर काय सांगावं! घरी आरशासमोर सगळं धडाधड जमलं होतं, तिथं दाणा, पाणी, नव्वद, ऐंशी यांचा नुसता काला झाला. माझा आवाज मात्र चढत गेला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, आमच्या घरीपण सोयाबीनच आहे. माझे बाबा दरवर्षी मार्केटात नेतात. दहा टक्क्याला दहाच किलो कापतात." कोपऱ्यात चहा पिणारे हेडसर बशीतून मान वर करून म्हणाले, "नव्वदच की हो." अख्खा बुलढाणा जिल्हा एका बाजूला आणि मी एका बाजूला.

शेवटी मीच म्हणाले, "मले सांगता येत नाही. तिलेच बोलवा."

पोरगी आली. माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं होईल असं झालं. ती काही बोलेचना. एक शब्द, 'मॅडमचंच बरोबर आहे', म्हटलं की तिची सुटका होती आणि तिच्या लाडक्या मॅडमची लाजही राहत होती. मला दिसत होतं, तो शब्द तिच्या ओठावर आला होता.

मॅडमना ते माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "हे पाह्य, माझं चुकलं असन तर मले कळाले पाह्यजे का नाही? सांग बरं."

मग ती बोलली. आधी पुटपुटत, नंतर नीट. "मॅडम, दाना तं उडत नाई नं?" इथपासून तिनं सुरुवात केली. मॅडमनी समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेवर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. आणि एकदम हात कपाळाला लावून हसल्या. "अगं बाई! मी तं मार्केटातलं गणित घातलं!" हेडसरांनी वर्तमानपत्र स्वतःकडे ओढून घेतलं. त्यांचा चहा गार झाला.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला मॅडमनी तिच्या हातात खडू दिला आणि आपण मुलांमध्ये बाकावर जाऊन बसल्या. हे मला तिनंच सांगितलं, दप्तरही न काढता, दारातूनच.

नवऱ्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो बराच वेळ हिशेब करत बसला. मग त्याचा चेहरा खुलला. "म्हंजे पानी जास्त जाते अन् व्यापारी कमी कापते? हे मार्केटात कोणाले बोलू नोका बरं."

पुढच्या आठवड्यात मी चुलीपाशी भाकरी थापत होते आणि ती मागे बसून शेळ्यांचं गणित करत होती. शंभर शेळ्या होत्या, वीस टक्के वाढल्या, मग वीस टक्के कमी झाल्या, तर उरल्या किती?

"शंभरच," मी म्हणाले. "वाढल्या तेवढ्याच कमी झाल्या."

"कशावरून?"

मी मागे वळून पाहिलं. तिनं वरही बघितलं नव्हतं. वही मांडीवर, कपाळाला आठ्या, ओठ हलत होते.

"आई, चार शेळ्या कमी भरून राह्यल्या!"

"कशा काय?"

"थांब. आधी मॅडमले सांगीन, मंग तुले."

दुसरं कुणी मला असं बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती. मी भाकरी तव्यावर टाकली आणि गप्प बसले. इतकं सुखानं गप्प बसल्याचं मला तरी आठवत नाही.