अर्धी सावड

डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. हालचाल थांबवायची नाही, आणि घरच्या माणसांचा आधार घ्यायला लाजायचं नाही. संगमनेरच्या दवाखान्यात मांडीत सळई घालून पडलेल्या मला ते फार शहाणपणाचं वाटलं. घरी आल्यावर कळलं की या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत. हालले की लोक म्हणायचे, झाली की बरी, आता हिला कशाला आधार? आधार मागितला की म्हणायचे, हिला मुळात हालायलाच नको. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं गाव अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं, आणि बाजार राजूरचा. बाजाराच्या दिवशी जीपवाला माणसं बसवायचा नाही, कोंबायचा. दिवाळीनंतरच्या एका बाजाराला परतताना वळणावर जीप चरात कलंडली. बाकीच्यांना खरचटलं, माझी डावी मांडी मोडली. मी कडेला बसले होते, एवढंच त्याचं कारण. पण नंतर भेटायला आलेली प्रत्येक बाई चहा पिता पिता विचारायची, कडेला कशाला बसलीस गं? जणू मधल्या जागेवर मला कोणी पाट मांडून ठेवला होता.

नवरा संगमनेरला एका खानावळीत कामाला होता, पंधरवड्यातून एकदा यायचा. सासू-सासरे आधीच गेलेले. राहिली थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणायचे. आमच्या चुली वेगळ्या, शेतंही वाटून घेतलेली, मधे फक्त एक कुडाची भिंत. त्या भिंतीपलीकडून उठून ती रोज माझ्याकडे आली. हे मी आधी सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकून तिला कोणी वाईट म्हणू नये. तसं म्हणायचा हक्क माझा एकटीचा आहे.

तिने माझं सगळं केलं. दारामागे जुनं लुगडं आडवं बांधून मला अंघोळ घातली, हगणं-मुतणं काढलं, माझ्या दोन पोरांना आपल्या चुलीवर जेवू घातलं. केस विंचरायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं, इतकी ओढायची. प्रेमाने बोलणं तिला जमायचंच नाही. गरम पाण्याचा तांब्या पाठीवर ओतता ओतता ती मला, जीपवाल्याला आणि माझ्या नवऱ्याला एकाच दमात शिव्या द्यायची. मला त्या आवडायच्या. दुसरं कोणी माझ्या वतीने इतकं रागावलेलं नव्हतं.

मग मी चालायला लागले. आधी घरातली मेढ, म्हणजे मधला खांब धरून, मग काठीने. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून पायाला वाळूची पिशवी बांधून तो वर-खाली करायचे. शेजारच्या बाया दारातून बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. एक दिवस मला वाटलं, आपण पाणी आणावं. छोटी कळशी घेतली, हापशापर्यंत गेले, अर्धी भरली आणि अर्ध्यातली अर्धी सांडत घरी आणली. मला इतका आनंद झाला होता की आक्काला दाखवायला मी ती कळशी तिच्या दारात नेऊन ठेवली. तिने बघितलं, मान हलवली. त्या संध्याकाळी तिच्याकडून भाकरी आली नाही.

तिचं चुकलं म्हणावं तर तसंही नाही. पाणी आणणारी बाई भाकरी थापू शकते, एवढा साधा हिशेब. पण मी ते पाणी पायातल्या सगळ्या कळा गिळून आणलं होतं आणि त्यानंतर उभं राहायला माझ्यात त्राण नव्हतं. पोरांना मुरमुरे देऊन झोपवलं. तेव्हापासून मी एक विद्या शिकले, कुठे लंगडायचं आणि कुठे नाही याची. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मी दार लावून करायचे. चोरी करावी तशी मी बरी होत होते.

त्या पावसाळ्यात भाताच्या आवणीला मी जाऊ शकले नाही, आणि तिथून सगळं बिघडलं. आमच्याकडे आवणी म्हणजे सावड. आज सगळ्या बाया माझ्या खाचरात रोप लावतील, उद्या मी त्यांच्या खाचरात. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाला दिवस. सावडीत नसलेल्या घराला आवणीच्या दिवसांत कोणी सापडत नाही, कारण जो तो आपापली सावड फेडत असतो. नवरा चार दिवसांची सुट्टी काढून आला, त्याने आणि त्याच्या मेव्हण्याने मिळून लावणी केली, पण फार उशिरा. रोप जून झालं की त्याला फुटवा येत नाही. त्या वर्षी आमच्या खाचरात नुसती काडी होती, दाणा नव्हता. नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी असंच झालं तर जमीन थोरल्या भावाला लावायला देऊ आणि तू संगमनेरला चल. खानावळीमागच्या खोलीत, जिथे तो आणखी तिघांसोबत झोपायचा. मला जायचं नव्हतं. म्हणजे मला सावडीत परत उभं राहायचं होतं, काहीही करून.

वर्षभर मी तयारी केली. ओहोळाच्या कडेला उन्हाळ्यातही ओलसर राहणारा एक तुकडा होता. तिथे जाऊन मी चिखलात पाय रोवून वाकायचे आणि गवताच्या काड्या रोपासारख्या खोचायचे. गुरं राखणाऱ्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. डावा पाय जरा आखूड राहिला होता, तो चिखलात रुतला की निघायचा नाही. मग उजव्यावर भार देऊन तो उपटायची एक तऱ्हा मी शोधून काढली. मृग लागायच्या सुमारास मी वाकून बराच वेळ टिकत होते. आक्काला यातलं काही सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, तिला कळलं की तीच सगळ्यांत जास्त खूश होईल.

सावड ठरवायला बाया आक्काच्या पडवीत बसल्या. सात-आठ घरांच्या होत्या. मीही काठी बाहेर ठेवून जाऊन बसले. कोणाचं रोप आधी तयार, कोणाच्या खाचरात पाणी आधी लागतं, असं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, मला धरा या वर्षी. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी, जिच्या शब्दाला मान होता ती म्हणाली की येऊ द्या तिला, मूठभर मागंपुढं व्हायचंच. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "तिची अर्धी धरा."

तिने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. हिच्या दोन दिवसांचा एक दिवस धरायचा. म्हणजे मी दोन दिवस जिच्या खाचरात राबेन, ती माझ्याकडे एकच दिवस येईल. ती आवाज न चढवता बोलली, मिठाचा भाव सांगावा तसं. म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं असतं तर सावड गेली असती, शेत गेलं असतं. मी मान डोलावली. ज्या बाईने मला पाठ चोळून अंघोळ घातली होती, तिनेच मला चारचौघींत अर्धी केलं. परक्या बाया पूर्ण धरायला तयार होत्या आणि घरच्यांनी कापली, हे मला तेव्हा सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

दुप्पट दिवस राबून मी ती आवणी पूर्ण केली. बाया ओळीने उभ्या राहून मागे सरकत लावत जातात, प्रत्येकीची आपली पात असते. माझी पात मागे राहायची. हिरव्या रोपांच्या ओळीत माझ्या पाठीमागे तेवढा चिखलाचा पट्टा दिसायचा. शेजारची बाई न बोलता हात लांब करून माझ्या पातीतली चार रोपं लावून टाकायची. शेजारी आक्का असली की ती फक्त आपली पात बघायची. डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद फाटून पाणी पाठीवर यायचं. मी तिच्याकडे बघायचे नाही, आणि रडतेय की भिजतेय हे कोणाला कळायचं नाही. जमीन मात्र राहिली. नवऱ्याने संगमनेरचं नाव पुन्हा काढलं नाही.

अर्धी हा माझा भाव मग कायमचा झाला. पाय सुधारला, पात जवळजवळ बरोबरीने यायला लागली, तरी दरवर्षी पडवीत माझं नाव आलं की कोणीतरी सवयीने म्हणायचं, तिची अर्धी. पूर्ण करा असं मी कधी म्हटलं नाही. तो शब्द जिने लावला तिनेच काढावा, असं माझं डोकं फिरलेलं होतं. आक्काने काढला नाही. आम्ही एकमेकींकडे मीठ-मिरची मागायचो, पोरं दोन्ही घरांत जेवायची, पण भिंतीपलीकडून शिव्या यायच्या बंद झाल्या. मला त्यांची फार आठवण यायची.

दशक संपत आलं तेव्हा एका सकाळी गोठ्यात आक्का पडली. उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय पुढे सावरला, हात मात्र लुळाच राहिला. मी तिचं सगळं केलं. दारामागे लुगडं आडवं बांधलं, अंघोळ घातली, केस विंचरले, हळू विंचरले. माझी बोटंसुद्धा तिला ऐकवत होती की बघा, असं विंचरतात. बाया माझी वाहवा करायच्या. मी सावड फेडत होते आणि एकही दिवस बाकी ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. डॉक्टरांच्या त्या दोन गोष्टीही मी तिला सांगितल्या. ती म्हणाली, ठाऊक हायेत. नंतर मी एकदा ओहोळाकडे गेले तर ती माझ्याच त्या ओल्या तुकड्यात वाकून डाव्या हाताने गवत खोचत होती. मी आल्या पावली परत फिरले. म्हणजे त्या वर्षी मी काय करत होते हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

पुढच्या पावसाळ्यात पडवीत बाया बसल्या. आक्का म्हणाली, मलाबी धरा. बाया तशाच एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं मी याच घडीसाठी एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. ते मोठ्या मनाचं वाक्य होतं, आणि ते ऐकून तिची मान खाली जावी एवढीच त्यामागची इच्छा होती. मी म्हटलं, "आक्काची पूर्ण धरा."

"न्हाई," आक्का म्हणाली. "अर्धी. मपल्याला दान नको."

तिची मान खाली गेली नाही. माझं इतक्या वर्षांचं वाक्य पडवीत तसंच पडून राहिलं. म्हातारी अजून होती. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, दोन अर्ध्या कशाला मोजत बसायच्या, दोघी जावा मिळून एक धरू, दोघींनी एकाच पातीला लागायचं. बाया हसल्या. आम्ही दोघी हसलो नाही.

पहिल्या दिवशी एकाच पातीत उभ्या राहिलो. रोपाची मूठ मी सोडवायची, कारण ते तिला एका हाताने जमत नव्हतं. ती डाव्या हाताने भराभर खोचायची, तिच्या बाजूला मी. माझा पाय रुतला की ती न सांगता खांदा पुढे करायची. मी तो धरायचे आणि पाय उपटायचे. दुपारपर्यंत आमची पात कोणाच्याही मागे नव्हती. भाकरी खायला बांधावर बसलो तेव्हा मी शेवटी विचारलं की म्हातारी पूर्ण धरत होती, तुम्ही का कापलीत?

तिने भाकरीचा तुकडा मोडला. तेवढं तिला आता दात आणि डावा हात मिळून करावं लागायचं.

"अर्धीच हुतीस," ती म्हणाली.

आणि उठायला तिने माझ्याकडे हात केला. माझा राग होता तिथेच होता. मी हात दिला, तिने मला ओढलं की मी तिला ते कळलं नाही, आणि आम्ही परत चिखलात उतरलो.